जुन्या शिकारी रायफलीची किंमत नेमकी कशाची?

खंडेनवमीला आमच्या भागातल्या पाटील-देसायांच्या जुन्या वाड्यांत तलवारीशेजारी एखादी लांब रायफल अजूनही पुजेला मांडलेली दिसते. दस्त्याला जवसाच्या तेलाचा हात, नळीवर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूची माळ. आणि हल्ली त्याच दिवशी घरातला कुणी पुतण्या मोबाइल पुढं करतो, "काका, हे बघा. असलीच जुनी बोल्ट-ॲक्शन अमेरिकेत लिलावात गेली. किंमत बघा की!" काका डॉलरचे रुपये करतात, आणि पुढचे आठ दिवस खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या पाहुण्यांत एकच विषय. आपलीही तेवढ्याला जाईल काय?

या एका प्रश्नात तीन प्रश्न अडकलेत. जुनी रायफल नव्यापेक्षा चांगली असते का? ती एवढी महाग का? आणि बेळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या माळ्यावरच्या रायफलीला त्या महागाईतलं काही मिळतं का? तिन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो. परदेशातल्या किमतीत यंत्राचा वाटा थोडा आणि नावाचा जास्त असतो. आपल्याकडच्या किमतीत यंत्राचा वाटा त्याहून कमी. इथं आपण पैसे मोजतो ते मुख्यतः नळीवर कोरलेल्या बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या मापाच्या, आकड्याचे आणि परवान्याच्या कागदाचे.

बोल्ट-ॲक्शन म्हणजे काय

आपल्याकडं गावात जास्त करून दिसते ती छऱ्याची बंदूक, एकनळी किंवा दुनळी. तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत पिळाचे आटे पाडलेले असतात. गोळी त्या आट्यांतून फिरत बाहेर पडते आणि फिरत असल्यामुळं सरळ जाते.

गोळी उडते तेव्हा काडतुसातली दारू जळून वायू होतो आणि तो सगळीकडं सारखाच ढकलतो. पुढं गोळी आहे, ती निघून जाते. मागं तुमचा चेहरा आहे. मधे दार हवं आणि ते पक्कं हवं, कारण .३०-०६ सारख्या काडतुसात हा दाब दर चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जातो. हे दार म्हणजे बोल्ट. जुन्या घराच्या दाराची लोखंडी आडवी कडी आठवा. आधी पुढं सरकवायची, मग मूठ खाली पाडायची; एकदा पाडली की दार कितीही ढकला, हलत नाही. रायफलीत तेच होतं. बोल्टच्या तोंडाशी दोन जाड कान असतात. बोल्ट पुढं ढकलून मूठ खाली केली की ते कान पोलादी खोबणीत जाऊन अडकतात. मूठ वर करून मागं ओढली की रिकामी पुंगळी बाहेर, पुन्हा पुढं ढकलली की मॅगझिनमधलं, म्हणजे काडतुसांच्या पेटीतलं, नवं काडतूस आत.

यंत्र म्हणून एवढंच. हलणारे भाग कमी, त्यामुळं बिघडायला फारसं काही नाही. म्हणूनच सव्वाशे वर्षांपूर्वीची रायफल आजही चालते आणि म्हणूनच तिला गिऱ्हाईक आहे.

माउझरचा पंजा

जुन्या बोल्ट-ॲक्शनबद्दल कुणीही बोलायला लागलं की फिरून फिरून एका नावावर येतं, माउझर. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या पाउल माउझरची रचना जर्मन लष्करानं १८९८ मध्ये स्वीकारली. पुढं जगभरच्या बहुतेक शिकारी रायफली तिच्याच वंशातल्या.

तिच्या बोल्टच्या बाजूनं एक लांब, रुंद, स्प्रिंगसारखी पट्टी जाते. पट्टीच्या टोकाला पंजा. काडतूस मॅगझिनमधून वर येताच हा पंजा त्याच्या बुडाची कडा पकडतो आणि नळीत पोचेपर्यंत सोडत नाही. स्वस्तातल्या रचनेत असं नसतं. तिथं बोल्ट काडतुसाला नुसता पुढं ढकलतो आणि पार आत गेल्यावरच ते पकडलं जातं.

फरक कुठं पडतो? शिकारी घाबरलाय, समोर जनावर अंगावर येतंय, आणि घाईत त्यानं बोल्ट पूर्ण न नेता अर्ध्यावरून मागं ओढला. ढकलणाऱ्या रचनेत पहिलं काडतूस नळीत सुटं राहतं, मागून दुसरं येऊन त्याच्यावर आदळतं आणि रायफल अडकते. माउझरमध्ये पंजा पहिल्या काडतुसाला धरूनच मागं आणतो. शिवाय बोल्टच्या मागच्या बाजूला राखीव म्हणून तिसरा कान आहे, आणि काडतूस फुटलंच तर वायू डोळ्यांकडं न येता दुसरीकडं निघून जावा यासाठी भोकं ठेवलेली आहेत. नेमबाजाचा जीव वाचवायचा विचार त्या रचनेत ठासून भरलाय. याचे पैसे कुणी मोजत असेल तर मला ते वावगं वाटत नाही.

पण याच माउझरची दुसरी बाजू बघा. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैन्याची कार ९८ के ही रायफल एकटीच १ कोटी ४० लाखांच्या वर बनली. युद्धानंतर अशा लष्करी रायफलींचे सांगाडे (बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग) बोल्टसकट घेऊन, नळ्या आणि दस्ते बदलून, असंख्य शिकारी रायफली तयार झाल्या. आत पंजा तोच, कान तेच. त्याच रचनेवर लंडनच्या रिग्बी कंपनीचं नाव कोरलेलं असेल तर किंमत कैक पटींनी चढते. रिग्बी ही ब्रिटनमधली माउझरची विक्रेती. सांगाडा ओबर्नडॉर्फहून यायचा; दस्ता, नळी, हातानं केलेली जुळवाजुळव लंडनची. काडतुसाचंही तेच. ७ मिलिमीटर माउझर या जर्मन काडतुसाला रिग्बीनं .२७५ रिग्बी म्हटलं. आत गोळी तीच.

आपल्या देशात हे नाव गाजलं जिम कॉर्बेटमुळं. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्याला .२७५ रिग्बी बक्षीस मिळाली होती. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे आणि आज ती रायफल रिग्बी कंपनीकडंच आहे. ती विकायला काढली तर मिळणाऱ्या पैशाचा गोळी कुठं लागते याच्याशी संबंध नसेल. ते पैसे कॉर्बेटच्या हाताचे.

१९६४ साली अमेरिकेत काय झालं

महागाईचं दुसरं उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि मोबाइलवरचे बरेचसे व्हिडिओ त्याच्याबद्दलच असतात. विंचेस्टर कंपनीनं १९३६ मध्ये मॉडेल ७० आणलं. माउझरसारखाच पंजा, पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेले भाग, अक्रोडाच्या दस्त्यावर हातानं कापलेली नक्षी. युद्धानंतर मजुरी वाढली आणि एकेक भाग कोरत बसणं परवडेना. १९६४ मध्ये कंपनीनं रचना बदलली. पंजा गेला. दस्त्यावरची नक्षी कापायची सोडून ठशानं दाबायला लागले. गिऱ्हाईक खवळलं, आणि त्या दिवसापासून जुन्या मॉडेल ७० ला 'प्री-सिक्स्टीफोर' हे बिरुद चिकटलं ते कायमचं.

यात खरी गोष्ट किती? नक्षीचं आणि जुळवाजुळवीचं गाऱ्हाणं रास्त होतं. पण नंतरच्या रायफली गोळी वाकडी मारत होत्या असं काही नव्हतं. पुढं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीनं पंजा परत आणलासुद्धा, तरी जुन्यांचा भाव उतरला नाही. गुणाचं कारण संपल्यावरही भाव टिकतो, तेव्हा तो भाव गुणाचा राहिलेला नसतो. वर्षाचा झालेला असतो.

यातली गंमत पुढंच आहे. मॉडेल ७० सर्वांत जास्त खपली .३०-०६ बोअरमध्ये, कारण ते काडतूस खरोखर कामाचं. .३०० सॅव्हेज किंवा .३५ रेमिंग्टन या बोअरमध्ये ती फारशी कुणी घेतली नाही. आज संग्राहक जास्त पैसे मोजतात ते याच न खपलेल्या बोअरना! शिकारीला जी जास्त उपयोगी, ती संग्रहाच्या बाजारात साधी.

जुनं पोलाद जास्त मजबूत?

"तेव्हाचं लोखंड वेगळंच होतं हो," हे वाक्य आपल्याकडं रायफलीपासून उसाच्या चरकापर्यंत सगळ्याला लागू होतं. रायफलीच्या बाबतीत ते अर्धवट खरं आहे. तेव्हा घडाईला वेळ देत होते, कामगार वर्षानुवर्षं एकच काम करणारे होते, भाग हातानं घासून जुळवलेले असत. बोल्ट मागं-पुढं करताना जी मऊ सरक लागते ती त्यातून येते. ऑस्ट्रियाची १९०३ ची मानलिखर-शोनाउअर ज्यानं एकदा हाताळली, त्याला ती सरक विसरता येत नाही म्हणतात.

पण पोलादाचं शास्त्र तेव्हापेक्षा आता पुढं गेलंय. आणि जुन्या काळी काय होऊ शकत होतं याचा नमुना अमेरिकेतच आहे. १९०३ ची स्प्रिंगफील्ड ही त्यांची लष्करी बोल्ट-ॲक्शन. तिचे सुरुवातीचे सांगाडे भट्टीतून काढताना तापमान कामगार नजरेनं ठरवत, लोखंडाचा रंग बघून. लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग फिका दिसे आणि लोखंड गरजेपेक्षा जास्त तापे. असे सांगाडे ठिसूळ झाले, काही फुटले. आजही स्प्रिंगफील्ड कारखान्याची ८ लाखांच्या आतल्या क्रमांकाची रायफल उडवू नका, असंच जाणकार सांगतात. भिंतीवर लावा, बघत बसा.

नेमाचं म्हणाल तर सरळ उत्तर आहे. अमेरिकेत आज पाच-सहाशे डॉलरला मिळणारी, प्लास्टिकच्या दस्त्याची, दिसायला ओबडधोबड नवी रायफल १०० यार्डांवर तीन गोळ्या इंच-दीड इंचाच्या आत सहज बसवते. तिच्या दुप्पट-तिप्पट किमतीची जुनी रायफल एवढं करेलच याची खात्री नाही. तिच्या सांगाड्यावर दुर्बीण बसवायला बहुधा भोकं नसतात. पाडली तर नेम सुधारतो आणि संग्राहकाच्या लेखी किंमत पडते.

आणि नळी. जुन्या काळच्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी देणारी जी टोपी असते, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचं मीठ नळीत राही आणि हवेतली ओल ओढून घेई. गरम पाण्यानं नळी धुतली नाही तर आत गंज. आता कणकुंबी-जांबोटीचा पाऊस डोळ्यांसमोर आणा. आषाढ-श्रावणात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं, कापडात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेल्या नळीचं काय होत असेल? बाहेरून दस्ता चकचकीत असतो, पूजेला शोभतो. रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढला आणि नळीतून उजेडाकडं बघितलं, की आटे दिसायच्या जागी काळे खड्डे दिसतात. परदेशातला जाणकार सगळ्यात आधी बघतो ते हेच.

"आम्ही थ्री-नॉट-थ्री चालवलीय!"

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. त्यामुळं दर दोन घरांआड एखादे निवृत्त सुभेदार भेटतात, आणि बोल्ट-ॲक्शनचा विषय निघाला की त्यांचं म्हणणं ठरलेलं, "थ्री-नॉट-थ्रीच्या तोडीचं काही नाही." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ली-एनफील्डचा, म्हणजे याच .३०३ रायफलीचा, बोल्ट माउझरपेक्षा भराभर चालतो, तिच्यात दहा काडतुसं बसतात आणि चिखल-पाण्याची तिला फिकीर नाही. एक उणीव आहे. तिचे अडकवणारे कान बोल्टच्या तोंडाशी नसून मागं आहेत, त्यामुळं फार जास्त दाबाच्या काडतुसांना ती माउझरइतकी योग्य नाही. .३०३ ला ती पुरेपूर आहे.

पण सामान्य माणसाला .३०३ ठेवताच येत नाही. आपल्या कायद्यात बोअरचे दोन गट आहेत, निषिद्ध आणि अनिषिद्ध. सैन्य-पोलिसांत चाललेली .३०३ निषिद्ध गटात येते. ही पद्धत इंग्रजांची. सरकारी गोळ्या चोरीला गेल्या तरी खासगी बंदुकीत बसू नयेत, हा हेतू. त्याच धास्तीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली आणि लंडनच्या कारागिरांनी लगेच .४६५, .४७० असे शेजारचे बोअर काढून संस्थानिकांना विकले. .३०३ च्या बाबतीत वाट निघाली ती .३१५ ची. काडतूस मूळ ऑस्ट्रियाचं, ८ मिलिमीटर मानलिखर. रायफल ली-एनफील्डच्याच धाटणीची. आधी बर्मिंगहॅमच्या बीएसएनं बनवली, मग आपल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं. म्हणजे वाड्यातली .३१५ बघून सुभेदारांना ओळखीची वाटते ती उगाच नाही.

इथला भाव कुठून येतो

अमेरिकेत जुनी रायफल महाग असली तरी तिच्या शेजारी दुकानात नवी स्वस्त रायफल ठेवलेली असते. न परवडणारा माणूस ती घेतो. आपल्याकडं तसं होत नाही. १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्र मागवता येत नाही. नामवंत नेमबाजांसारखे मोजके अपवाद सोडले तर तो दरवाजा बंद आहे. त्याआधी जे देशात आलं तेच आजवर हातोहात फिरतंय. बीएसए, ब्रनो, माउझर, विंचेस्टर, जे असेल ते. दर वर्षी त्यातलं काही गंजून, काही पोलीस ठाण्यात जमा होऊन कमी होतं, वाढत काहीच नाही.

म्हणून अनिषिद्ध बोअरमधली एखादी ठीकठाक परदेशी रायफल इथं तिच्या मूळ देशातल्या भावाच्या कितीतरी वर जाते. आणि तेवढ्याच जुन्या, तेवढ्याच चांगल्या रायफलीचा बोअर निषिद्ध निघाला तर तिला घेणाराच मिळत नाही. नळीवर कोरलेले ते दोन-तीन आकडे कारागिराच्या नावापेक्षा जास्त वजनाचे ठरतात.

दुसरी गोष्ट काडतुसांची. .३१५ चं काडतूस देशातच बनतं. त्याच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं दिसतात, ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. .२७५ किंवा .४१६ रिग्बीचं काडतूस हुडकत बसावं लागतं आणि मिळालं तर सोन्याच्या भावानं. लंडनचं नाव, सुरेख दस्ता, सगळं आहे, पण घालायला काडतूस नाही, अशा रायफली आपल्याकडच्या जुन्या संस्थानी घरांत आहेत.

तिसरी गोष्ट, ती वापरायची कशावर? 'शिकारी रायफल' हे तिचं नाव इतिहासापुरतं उरलंय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज शस्त्राचा परवाना हातात असला तरी शिकार गुन्हाच. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत गवे भातात शिरतात, रानडुकरं ऊस लोळवतात. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. पण गवा त्या कायद्याच्या पहिल्या, सगळ्यांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, त्याला पिकासाठी मारता येत नाही; रानडुकरासारखं जनावर पीक वाचवायला मारायचं तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शस्त्र कायद्यातही पीक राखणीसाठी उल्लेख आहे तो मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचा. लांब पल्ल्याची रायफल त्यात बसत नाही. (कर्नाटकातच कोडगूच्या कोडव लोकांना परवान्यातून सूट आहे. ती त्यांच्यापुरती. आमच्याकडचे काही जण त्यावर बोट ठेवतात, पण कायदा तसा ओढून इकडं आणता येत नाही.)

आजोबांची आहे, मग आपलीच की?

इथंच जास्त घरं फसतात. रायफल वारसानं मिळते, परवाना मिळत नाही. आजोबा गेले की त्यांचा परवाना संपला. वारसाला स्वतःच्या नावानं अर्ज करावा लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा त्यानं शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. ही सोय फार कमी लोक वापरतात. म्हातारा माणूस "माझ्या हयातीत नको" म्हणतो, आणि मग दिवसकार्य उरकायच्या आत पोलिसांची चौकशी सुरू होते. परवाना होईपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं. घरात ठेवलं तर विनापरवाना बाळगल्याचा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे.

त्याच दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणारी शस्त्रं तीनवरून दोनवर आणली. वारसानं आलेली असली तरी मर्यादा दोनचीच. ज्या घरात दुनळी, रायफल आणि रिव्हॉल्व्हर असा संच होता, तिथं एक काढून टाकावंच लागलं. अशा विक्रीत सौदा कुणाच्या हातात असतो ते सांगायला नको. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षांवर गेली, तेवढा हेलपाटा कमी.

हेलपाट्यांत आमच्या सीमाभागाची म्हणून आणखी एक भर आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळं आजोबांचे कागद मुंबई सरकारच्या शिक्क्याचे, आणि आताचा सरकारी कारभार कन्नडमध्ये. नवा अर्ज द्यायचा कुठं? बेळगाव शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडं, तालुक्यात असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडं. जुना कागद फाटका आहे म्हणून फेकू नका. रायफलीचा क्रमांक आणि ती कायदेशीर वाटेनं घरात आली याचा तोच पुरावा. परवान्याला हद्दही असते. फक्त कर्नाटकापुरता असेल तर शिनोळीची वेस ओलांडून चंदगडच्या भावाकडं रायफल दाखवायला नेणंसुद्धा गुन्हा. दोन्हीकडं नातीगोती, दोन्हीकडं तीच भाषा, पण शस्त्राला सीमा आहे.

विकायची असेल तर घेणाऱ्याकडं त्या शस्त्राचा परवाना हवा, आणि त्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवल्यावर पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. "शंभर वर्षांची झाली, आता अँटिक, परवाना लागत नाही," असं कुणी छातीठोक सांगितलं तर ऐकू नका. सूट आहे ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला. चालू शकणाऱ्या रायफलीला नुसत्या वयाचं संरक्षण नाही.

मग घ्यावी का?

हातात परवाना आहे, स्वसंरक्षण किंवा नेमबाजीसाठी घ्यायची आहे, आणि समोर जुनी परदेशी रायफल व सरकारी कारखान्याची नवी .३१५ असे दोन पर्याय आहेत. मी दुसरी घेईन. ती देखणी नाही. बोल्ट सुरुवातीला खरखरतो, दस्त्याचं लाकूड सामान्य. पण काडतूस मिळतं, सुटे भाग मिळतात, आणि नळी कुणाच्या निष्काळजीपणानं खाल्लेली नसते.

जुनीच हवी असेल, ती घडाई आवडत असेल, तर त्यातही गैर काही नाही. आवडीला पैसे लागतातच. मात्र पैसे देण्याआधी नळी आतून बघा. बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधलं अंतर जाणकाराकडून मापून घ्या. वर्षानुवर्षं झिजून ते वाढलेलं असेल तर रायफल उडवणाऱ्यालाच धोका. क्रमांक सांगाड्यावर, बोल्टवर आणि परवान्यावर जुळतात का ते पाहा. इंग्लंडची रायफल असेल तर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (नळीची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे) शिक्के नळीवर आहेत का ते पाहा. नाव मोठं सांगत असतील तर त्या कंपनीकडं विचारणा करा. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड यांच्याकडं जुन्या विक्रीच्या वह्या आहेत, क्रमांकावरून रायफल कुणाला विकली होती ते कळू शकतं. 'अमुक महाराजांची' म्हणून सांगितलेल्या रायफली बाजारात फार आहेत. तेवढे महाराज नव्हते.

आणि विकणाऱ्या घरासाठी एक सांगतो. विकण्याआधी ती चकचकीत करायच्या फंदात पडू नका. नळीवर नवा काळा मुलामा चढवला, दस्ता रंधून पॉलिश केला, की संग्राहकाच्या नजरेत ती निम्म्यावर येते. त्याला जुना झिजलेला रंगच हवा असतो. तेल लावा आणि सोडून द्या.

"मग अमेरिकेतच पाठवून विकली तर?"

पुतण्याचा शेवटचा प्रश्न हमखास हा असतो. शस्त्र देशाबाहेर पाठवायला शस्त्र कायद्याच्या कलम १० खाली वेगळा परवाना लागतो, पलीकडच्या देशाचा आयात परवाना लागतो, आणि ती ऐतिहासिक मोलाची, शंभर वर्षांपलीकडची ठरली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. पुरावस्तू खासगी माणसाला निर्यात करता येत नाहीत. म्हणजे लिलावात पोचण्याइतकी जुनी आणि नामांकित असेल, तर बाहेर जाणंच अवघड. आणि तेवढी नामांकित नसेल, तर अमेरिकेत तशा दुकानादुकानांत पडल्यात.